शिवीचा पाला

कमळकाकीच्या तोंडी लागू नये, असं बोर्ली पंचतनच्या बाजारातल्या भाजीवाल्या एकमेकींना बजावतात, आणि त्यातल्याच दोघी पुढच्या आठवड्यात रिक्षा करून तिच्या तोंडी लागायला वाडीत येतात. कारण विचाराल तर गुडघा. नाहीतर कंबर. नाहीतर घरात सून बाळंत झालेली. कमळकाकीच्या अंगणाच्या कडेला निरगुडीची वई आहे. वई म्हणजे कुंपण, पण कुंपण म्हटलं की लोखंडी तारा डोळ्यांपुढे येतात, म्हणून वईच म्हणू. त्या वईचा पाला हमखास गुण देतो, याबद्दल आसपासच्या पाच-सहा वाड्यांत दुमत नाही. अट एकच. पाला घेताना कमळकाकीची शिवी खावी लागते. शिवीशिवाय नेला तर तो नुसता झाडाचा पाला, त्याला शेळीसुद्धा विचारत नाही.

आणि शेळी खरोखरच विचारत नाही. निरगुडीचा तोच तर मोठा गुण. दिसायला झुडूप काही देखणं नाही. माणसाच्या दीडपट उंच, पाच बोटांच्या पंजासारखं पान, वरून हिरवं आणि खालून राख फासल्यासारखं. पावसाळा सरता सरता निळसर जांभळे तुरे येतात, तेवढे चार दिवस ते जरा नटल्यासारखं वाटतं. वास मात्र उग्र. पान तव्यावर गरम करून एरंडेल लावून सांध्यावर बांधायचं, पाला उकळून बाळंतिणीला न्हाऊ घालायचं, वाळवून भाताच्या कणगीत टाकायचा म्हणजे किडा लागत नाही, संध्याकाळी निखाऱ्यावर टाकायचा म्हणजे डास दारातूनच परत फिरतात. फाटे तोडून जमिनीत खुपसले की वई तयार. इतक्या कामाचं झुडूप दारात असल्यावर दुसरी एखादी बाई देवीसारखी मांडी घालून बसली असती. कमळकाकी बसली नाही. ती पदर खोचून उभी राहिली आणि येईल त्याला झोडत गेली.

हा शिवीचा नियम तिने केलेला नाही हो, वाडीने केला. वीसेक वर्षांपूर्वी भरडखोलची रंगू कोळीण डोक्यावर पाटी घेऊन इथे मासे विकायला यायची. एकदा तिने कमळला शिळे बांगडे गळ्यात मारले. पुढच्या खेपेला ती गुडघा ओढत आली, तेव्हा कमळ तिची वाटच बघत होती. आधी बांगड्यांवरून रंगूचा उद्धार झाला, मग तिच्या नवऱ्याच्या होडीचा, मग होडीखालच्या पाण्याचा. आणि त्याच रागात कमळने वईचा फाटा ओरबाडून रंगूच्या पाटीत फेकला. हा बांध आणि धड पायांनी ये, लंगड्या बाईशी भांडायला मजा येत नाही, असं म्हणाली. चौथ्या दिवशी रंगू धड पायांनी आली आणि तिने सगळ्या शिव्या दामदुपटीने परत केल्या. त्याच महिन्यात शाळेतल्या गुरुजींची बायको पाला मागायला आली. बाई शिकलेली, सोवळी, म्हणून कमळने तिला पाट दिला, चहा दिला, पाला ताटलीत घालून वर फूल ठेवलं. गुरुजींच्या बायकोचा गुडघा पुढे दीड महिना हलला नाही. वाडीने दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवून बघितल्या आणि निकाल लावला. पाल्यात काही नाही, जे आहे ते कमळच्या तोंडात आहे. शेवटी गुरुजींची बायको पदराने डोळे पुसत परत आली आणि म्हणाली, मला पण द्या.

तेव्हापासून कमळकाकीची शिवी वाया गेली नाही. ती तोंडाला येईल ते बरळते असं मात्र समजू नका. माणूस बेड्यातून, म्हणजे अंगणाच्या दारातून, आत शिरल्यापासून पायरीपर्यंत कसा चालतो, कुठे हात टेकतो, बसताना कण्हतो की उठताना, हे ती डोळे बारीक करून बघते आणि मग मापात देते. ग्रामसेवकाला म्हणाली होती, "खुर्चीत बसून बसून बूड चपटं केलंस, मेल्या. पाठीच्या कन्याला वाटलं आसंल मालक वारला. हिंड जरा." खालच्या आळीतल्या एका बाईला म्हणाली, "उकिडवी बसून दिवसभर चुगल्या करतंस, गुडगा काय मखमलीचा व्हनार? उभ्याने चुगल्या कर." दोघांनाही गुण आला. एकदा एक म्हातारा तक्रार करत आला की मागच्या वेळचीच शिवी या वेळी मिळाली. कमळकाकीने चूक मान्य केली आणि त्याला ताजी दिली.

वाडीत एकच माणूस असा होता ज्याला ही शिवी मिळत नव्हती. तिचा सख्खा दीर, गुणाजी. वईच्या पलीकडे राहणारा.

कमळचा नवरा कोंडाजी मुंबईत छापखान्यात पुस्तकं बांधायचा. गणपतीला आणि शिमग्याला घरी यायचा, आणि एकतीस वर्षांपूर्वी तापाच्या निमित्ताने तिकडेच गेला. तेराव्याचं जेवण चाललं होतं. कमळ स्वतः पंगतीत भात वाढत होती. गुणाजीने पत्रावळीवर भात घेतला आणि शेजारच्या पाहुण्याला सांगितलं की वहिनीला पोर एकच, ती उद्या लग्न होऊन जाईल, वहिनी माहेरी जाईल, मग मधला बांध काढून दोन्ही अंगणं एक करतो. आवाज बारीक करण्याची तसदी त्याने घेतली नाही. कमळने पुढच्या पानावर भात वाढला, त्याच्या पुढच्या पानावर वाढला, पंगत पुरी केली.

त्याआधी ती गुणाजीला सकाळ-संध्याकाळ शिव्या द्यायची, जशा साऱ्या जगाला द्यायची. त्या दिवसापासून बंद. मुलीला, रुचिताला, तिने सांगून टाकलं की या माणसाला आपल्या घरातून शब्द जाणार नाही, शिवीसुद्धा जाणार नाही. आमच्याकडे ज्याला कुणी शिवी देत नाही तो माणूस मेल्यात जमा. गुणाजी जिवंतपणी तसा जमा झाला.

मग आषाढात गुणाजी भावाचं सामान आणायला म्हणून पंधरा दिवस मुंबईला गेला. सामानात एक पेटी होती आणि एक घड्याळ होतं. ते घड्याळ गुणाजीच्या मनगटावरून पुढे दहा वर्षं उतरलं नाही, पण तो विषय वेगळा. तो गेला त्या दुसऱ्या दिवशी कमळ ओढ्यावरून निरगुडीचे फाटे तोडून आली. मधला मातीचा बांध पावसाने अर्धा वाहून गेला होता. तो नक्की कुठे होता हे ज्याला त्याला आठवेल तसं. कमळने वई लावली ती बांधाच्या दोन हात पलीकडे, गुणाजीच्या जागेत. रागात अंदाज चुकतो, असं ती स्वतःला सांगायची. पण अंदाज वईच्या या टोकाला दोन हात चुकला होता आणि त्या टोकालाही बरोबर दोनच हात.

गुणाजी परतला, वईपुढे थोडा वेळ उभा राहिला आणि आत गेला. त्याच्या सात शेळ्यांनी महिनाभर त्या झुडपांचा वास घेतला आणि नाद सोडला. गुणाजी का गप्प बसला, त्याला कळलंच नाही की कळून त्याने गिळलं, हे कमळला कधी समजलं नाही. विचारायचं कसं? बोलणंच नव्हतं.

एकतीस वर्षं हे असं चाललं. मग गुणाजीचा मुलगा विनेश बायकोला घेऊन गावी परत आला. नवी मुंबईत कुठल्याशा गोदामात सुपरवायझर होता. दिवेआगरच्या समुद्रावर येणारे पाहुणे बघून त्याने घरामागे चार खोल्या बांधल्या, गुलाबी रंग दिला आणि होमस्टेची पाटी लावली. पण गाडी आत येईना. मोठी गाडी मारुतीच्या देवळापाशीच थांबायची, तिथून ऐंशी पावलं चालत. पुण्याचे पाहुणे बॅगा घेऊन ऐंशी पावलं चालत नाहीत, असं विनेशचं म्हणणं. वई गेली की गाडी थेट पायरीला लागेल.

तो गोड बोलत आला होता. "काकी, टेन्शन नका घेऊ. वई जाईल, मी तुम्हाला मस्त चिऱ्याची भिंत बांधून देतो. फुल पॅक."

कमळकाकीने त्याला त्याच्या जन्माच्या वेळेपासून सुरुवात करून काय ते ऐकवलं. विनेशने ते मोबाईलवर रेकॉर्ड केलं, बायकोला म्हणजे मनालीला ऐकवलं, आणि दुसऱ्या दिवशी जाऊन सरकारी मोजणीचा अर्ज केला.

नोटीस हातात पडली त्या दिवशी कमळकाकीचा नेम पहिल्यांदा चुकला. खोकल्याची बाई आली होती, तिला गुडघ्याची शिवी गेली. बाई बिचारी बुचकळ्यात पडून निघून गेली. वाडीत कुणाला ठाऊक नव्हतं ते कमळला पक्कं ठाऊक होतं. मोजणीत वई गुणाजीच्या जागेत निघणार. वई गेली की दारात कोण येणार? ती बहात्तर वर्षांची, एका खोलीत राहणारी, तोंडाची घाणेरडी म्हातारी उरणार, एवढंच. तशा प्रत्येक वाडीत चार असतात. आणि जगाला कळणार की इतकी वर्षं ही बाई दुसऱ्याच्या झाडाचा पाला वाटून वर ताठ मानेने शिव्या देत होती.

रुचिताचा उरणहून फोन आला. नवरा बंदरावर ट्रेलर चालवतो, दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. आईने आता इकडेच यावं, वई जाते तर जाऊ दे, गॅलरीत कुंडी ठेवू, कुंडीत निरगुडी लावू.

"कुंडीतल्या झाडाला काय म्हनू?" कमळ म्हणाली. "ट्रकाच्या भोंग्यात ऐकू तरी जाईल का त्याला?"

मग ती घरोघर फिरली. ज्यांचे गुडघे वळवले होते, ज्यांच्या सुना न्हाल्या होत्या, त्या सगळ्यांना सांगितलं की वईसाठी उभे राहा. सगळ्यांनी तोंड भरून हो म्हटलं आणि मोजणी किती वाजता आहे ते विचारून घेतलं. आमच्या लोकांना न्याय-अन्यायाचं फार काही नसतं, पण तमाशा चुकलेला चालत नाही. कमळकाकी एकतीस वर्षांनी गुणाजीवर तोंड सोडणार, हे वाडीने परस्पर ठरवून टाकलं होतं. दोघांनी तर मुंबईहून भावांना बोलावून घेतलं.

आता गुणाजीचं ऐका. त्याचा डावा गुडघा दोन वर्षांपासून गेला होता. श्रीवर्धनच्या डॉक्टरने वाटी बदलायला सांगितली. आपली वाटी काढून तिथे लोखंडाची बसवणार, हे ऐकल्यापासून गुणाजी डॉक्टरचं नाव काढू देत नव्हता. गोळ्या घ्यायचा, आणि दुपारी वाडी पेंगली की काठी टेकत वईपाशी यायचा. त्याच्या बाजूने पाला ओरबाडायचा, घरी नेऊन बांधायचा. काडीचा उपयोग होत नव्हता. होणार कसा? शिवी कुठे होती त्यात?

कमळला हे सगळं माहीत होतं. फांदी मोडल्याचा आवाज तिला पडवीत ऐकू यायचा. त्या वेळी ती मुद्दाम तांदूळ निवडायला बसायची आणि खडे मोजायची, कारण मनात जरी शिवी आली आणि चुकून पलीकडे लागू पडली तर काय घ्या.

मोजणीच्या दिवशी सकाळी दहापासून माणसं जमली. मोजणीदार तीन पायांवर यंत्र मांडून डोळा लावून बसला, त्याचा माणूस पट्टी घेऊन धावत होता. गुणाजीला मनालीने हाताला धरून आणलं आणि वईजवळ प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं. अकराच्या सुमाराला चुन्याची रेघ पडली. वईच्या अलीकडे, कमळच्या बाजूला, मोजून साडेतीन फूट. म्हणजे वई सगळीच्या सगळी गुणाजीची. मोजणीदाराने चारचौघांत तसं सांगितलं आणि रुमालाने मान पुसली. विनेश म्हणाला, जेसीबी सांगून ठेवलाय, उद्या सकाळी येतोय.

सगळे कमळकाकीकडे बघत होते. तिने पदर खोचला. पुढच्या रांगेतले दोघे जरा मागे सरकले. तिने तोंड उघडलं, आणि तेवढ्यात तिची नजर गुणाजीवर गेली.

गुणाजीने खुर्ची सरकवत सरकवत दोन हात पुढे आणली होती. लेंगा मांडीपर्यंत वर केलेला. डावा गुडघा दुधीभोपळ्यासारखा सुजून पुढे आलेला. मांडीवर ओलं फडकं आणि फडक्यात निरगुडीच्या ताज्या पाल्याचा हा एवढा ढीग. मागे मनाली एरंडेलाची बाटली घेऊन उभी. आणि गुणाजीने डोळे मिटले होते, तीर्थ घ्यायला बसलेल्या माणसासारखे.

कमळच्या लक्षात यायला एक क्षणही लागला नाही. विनेशला गाडीसाठी रस्ता हवा होता. याला ते काही नको होतं. एकतीस वर्षांची तुंबलेली शिवी याच्या पाल्यावर एकाच दिवशी, एकाच झोतात पडावी, म्हणून हा खुर्ची टाकून बसला होता. तिचं झाडही नेणार आणि वर तिच्याच तोंडचं औषधही फुकट नेणार.

तिने उघडलेलं तोंड मिटलं. पदर सोडून खांद्यावरून नीट घेतला.

"भावजी," ती म्हणाली, "उन्हात का बसलात? खुर्ची सावलीत घ्या. मी च्या ठेवते."

मोजणीदाराला वाटलं, किती सालस बाई. बाकी माणसांच्या अंगावर काटा आला. गुणाजीने डोळे उघडले आणि घाईघाईने पाल्यावर फडकं ओढलं. तो गोड शब्द आत शिरून सगळा पाला नासला तर?

"वयनी," तो म्हणाला. एकतीस वर्षांतला त्याचा पहिला शब्द. "असं नको करू."

"मी काय केलं, भावजी? पायाला बरं वाटतंय ना? देव तुम्हाला उदंड आयुष्य देवो."

गुणाजीने दोन्ही हातांनी फडकं दाबून धरलं. तिने पुन्हा तोंड उघडलं तसा तो ओरडल्यासारखा म्हणाला, शिवी दे, वई ठेवतो. विनेश म्हणाला, अप्पा, येडे झालात काय. गुणाजीने त्याला सुनावलं की सातबारा अजून माझ्या नावावर आहे, तुझ्या होमस्टेच्या नावावर नाही. बापलेकाची बरीच जुंपली. त्यात विनेशच्या लग्नाचा खर्च निघाला, मनालीच्या माहेरचा फ्रीज निघाला, आणि लोकांना निदान तेवढं तरी पदरात पडलं.

पण विनेश काही बुद्दू नव्हता. शांत झाल्यावर त्याने मोजणीदारासमोर, पाच माणसांना साक्षी ठेवून आपली अट घातली. वई राहील, पण अप्पांचा गुडघा बरा होईपर्यंतच. ज्या दिवशी अप्पा धड चालले त्या दिवशी जेसीबी. नव्या गोळ्यांनी दोन-तीन महिन्यांत उतार पडेल, असं डॉक्टरने त्याला फोनवर सांगितलं होतं, ते त्याने पोटात ठेवलं.

कमळकाकीला फास बरोबर दिसला. शिवी कमी पडली तर गुणाजी शब्द मागे घेईल. शिवी लागू पडली तर वई जाईल. इतका बारकाईचा डाव गुणाजीच्या पोराला सुचला याचंच तिला नवल वाटलं; हा पोरगा आमच्या बाजूला जन्मायला हवा होता, असं ती नंतर रंगूला म्हणाली. पण जेसीबी उद्या येणार होता आणि उद्याच्या नंतरचं नंतर बघता येतं.

"कबूल," ती म्हणाली. "काढ फडकं, गुन्या."

पुढचं सगळं इथे लिहिता येणार नाही. थोडंफार लिहिता येण्यासारखं होतं ते असं की तिने सुरुवात भावाच्या घड्याळापासून केली, तिथून शेळ्यांवर आली, शेळ्यांवरून गुणाजीच्या चालीवर, आणि एकदाही श्वासाला थांबली नाही. लोक आधी हसत होते. मग हसायचे थांबले, कारण ती तेराव्याच्या पंगतीपाशी पोचली होती आणि आवाज चढवण्याऐवजी तिने तो खाली आणला होता.

"माज्या हातचा भात पानात घेतलास आनि त्याच तोंडाने माजं अंगन गिळायला निघालास. तुला वाटलं मी ऐकलं न्हाय. माजं कुकू पुसून तेरा दिस झालेले, कान न्हवते पुसले. येवढी वर्सं तुला शिवी का दिली न्हाय, ठावं हाय? शिवी द्यायला समोर मानूस लागतो."

मनालीच्या हातातली बाटली तशीच राहिली. गुणाजी खाली मान घालून पाल्याकडे बघत होता. त्याने विचारलं, "आनखी हाय?"

"हाय. पन तुला पुरवून पुरवून देनार."

दर सोमवारी आणि गुरुवारी, असं ठरलं. गुणाजी खुर्ची घेऊन वईच्या त्याच्या बाजूला बसायचा, कमळ तिच्या बाजूला उभी राहायची, मधे निरगुडी. काम झालं की गुणाजी पाला घेऊन आत, कमळ आत. आभार नाहीत, ख्याली-खुशाली नाही. दोघांत गोडी झाली असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. भांड्यांचं खरकटं पाणी ती अजून त्याच्याच बाजूला फेकते, आणि त्याचा रेडिओ अजून तिच्याच खिडकीकडे तोंड करून बोंबलतो.

नाताळपर्यंत गुणाजीची सूज उतरली. विनेश म्हणाला गोळ्या, वाडी म्हणाली काकी. पण गुणाजी लंगडतच होता. उलट जरा जास्तच. आणि यातली गोम वाडीत पहिल्यांदा दिसली ती कमळकाकीला, तीही तांदूळ निवडता निवडता. भर दुपारी, कुणी नाही असं बघून, गुणाजी काठी काखेत मारून पाणंदीतून आला आणि मधला व्हाळ, म्हणजे ओहोळ, त्याने टुणकन उडी मारून ओलांडला. सत्तरीचा माणूस, पोरासारखा. पलीकडे गेल्यावर त्याने इकडेतिकडे बघितलं, काठी टेकली आणि पुन्हा कण्हायला लागला.

कमळला कोडं उलगडायला दोन दिवस लागले. नाताळच्या सुट्टीचे पाहुणे आले होते. वई असल्यामुळे गाड्या देवळापाशी थांबत होत्या आणि विनेश ऐंशी पावलं डोक्यावर बॅगा वाहून आणत होता. चाकांच्या बॅगा, पण वाडीच्या वाटेवर चाकं कुठली चालायला. घामाघूम होऊन तो खुर्चीत बसलेल्या बापाकडे बघायचा, आणि त्या बघण्यात काय होतं ते कुणालाही वाचता आलं असतं. गडी ठेवायचा तर पगार द्यावा लागतो. बाप धड चालला तर नाही, आणि उद्या गाडी पायरीला लागली तरी मागच्या खोल्यांपर्यंत बॅगा वाहायच्या उरतातच.

म्हणजे गुणाजी बरा झाला होता आणि ते कमळला कुणापाशी बोलायची सोय नव्हती. तिच्या आयुष्यात अशी रसाळ गोष्ट तिच्या हाती कधी लागली नसेल. आणि लागली ती याच माणसाची. रंगू येऊन पायरीवर बसली, तरी कमळने ओठ शिवून ठेवले. एकदा बोलून गेली असती तर दुसऱ्या दिवशी निरगुडी मुळासकट उताणी पडली असती. रंगूने विचारलं की बाई, तुला बरं नाही का. कमळने तिला हाकलून दिलं. आठ दिवस तिच्या पोटात दुखत होतं, आणि त्यावर पालाही नव्हता.

नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी विनेश देवळाकडून येत होता. डोक्यावर एक जांभळी बॅग, दोन्ही हातांत दोन, मागे पुण्याचं एक कुटुंब. समोरून गुणाजी शेताकडून परतत होता. मुलाला बघताच त्याने काठी टेकली आणि लंगडायला सुरुवात केली. उजव्या पायाने.

विनेश थांबला. बॅग डोक्यावर तशीच धरून त्याने बापाच्या पायाकडे बघितलं, मग दुसऱ्या पायाकडे.

कमळ वईपाशी फाटे छाटत होती. रविवार होता, शिवीचा वार नव्हता. पण ती हातातल्या कोयत्यासकट वईत घुसली आणि पानांच्या आडून, जेमतेम गुणाजीला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाली, "मुडद्या, डावा. डावा लंगडव." आणि लगेच वळून विनेशवर अशी काही सुटली, त्याच्या बॅगेवर, पाहुण्यांच्या टोप्यांवर, गुलाबी खोल्यांवर, की विनेशची नजर बापाच्या पायांवरून उठली, पुण्याच्या बाईने पोराचे कान झाकले आणि सगळी वाडी दारात आली.

त्या गडबडीत गुणाजीने चालता चालता पाय बदलला.